संधिवात कायमचा राहणार, हे मनाला कसं पटवायचं?

तुमचं म्हणणं असं की रुमॅटॉइड आर्थ्रायटिस झाल्यापासून भाकऱ्या थापता येत नाहीत, सासूबाई 'या वयात कसला संधिवात' म्हणतात आणि आता स्वतःचाच राग येतो. मीही याच आजाराची, बेळगावातली.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. वयामुळे होणारी गुडघेदुखी वेगळी, हा आजार वेगळा. तो तरुणपणीही होतो, आणि बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त. सकाळी तासभर बोटं न वळणं हे आजाराचं लक्षण आहे, आळस नव्हे. सासूबाईंना एकदा तपासणीला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं पटतं, सुनेचं नाही. वाईट आहे, पण खरंय.

स्वीकारायचं म्हणून औषध सोडू नका. मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच, रोज अजिबात नाही, आणि रक्ततपासण्या वेळेवर. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही.

मला सगळ्यात जड गेलं ते मदत मागणं. आपल्याकडे बाईची किंमत हाताला असलेल्या कामावर ठरते, आणि आपणही तीच मोजपट्टी लावतो. कडक भाकऱ्या दुकानात मिळतात, आणा. सौंदत्तीचा डोंगर गाडीनं चढलात म्हणून यल्लम्मा रुसत नाही. दुखतंय त्या दिवशी 'आज जमणार नाही' एवढंच सांगा, कारणांची यादी नको.

दोन आठवडे कशातच मन लागलं नाही तर तेही डॉक्टरांना सांगा. या आजारासोबत नैराश्य बऱ्याच जणांना येतं, आणि त्यावर उपचार आहेत.