चार धंदे, एक शेअर: बेरीज करण्याआधी पैसा कुठून कुठे जातो ते पाहा

तुम्ही तिघा मित्रांनी हेरलेल्या स्मॉल-कॅप कंपनीवरचं तुमचं टिपण वाचलं. तिचं चित्र थोडक्यात असं: चाकणला वाहनांचे सुटे भाग, साताऱ्याकडे पवनचक्क्या, भोसरीच्या जुन्या कारखान्याची जागा आणि तिथे होऊ घातलेला गृहप्रकल्प, शिवाय एक छोटी फायनान्स कंपनी. तुमचा हिशोब सांगतो की चारही धंद्यांची किंमत वेगवेगळी काढली तर बेरीज आजच्या मार्केट कॅपच्या (सगळ्या शेअरांच्या बाजारभावाने होणाऱ्या किमतीच्या) दुप्पट भरते, आणि ही तफावत दोन वर्षांत मिटेल असं तुम्ही म्हणता. मग शेअर घ्यावा का?

माझ्या मते आत्ता नाही. बेरीज बरोबर असेलही, पण त्या बेरजेतला तुमचा वाटा तुमच्यापर्यंत पोचणार कसा, याचं उत्तर तुमच्या सविस्तर टिपणात कुठेच नाही. अशा कंपनीत छोट्या भागधारकाला जमीनही विकता येत नाही आणि पवनचक्कीही. त्याला मिळतो तो लाभांश, बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) किंवा वाढलेला भाव. यातलं काय होणार हे प्रवर्तक, म्हणजे कंपनीवर ताबा असलेले मुख्य मालक, पैसा कुठे लावतात त्यावर ठरतं.

म्हणून पी/ई (शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा नफा) बाजूला ठेवा आणि सेगमेंटचा, म्हणजे विभागवार आकड्यांचा, तक्ता उघडा. इंड-एएस 108 या हिशोबाच्या मानकाप्रमाणे ज्या विभागाची विक्री, नफा किंवा मालमत्ता एकूणच्या 10 टक्के किंवा जास्त आहे, तो वेगळा दाखवावा लागतो. वार्षिक अहवालाची वाट पाहायची गरज नाही. तिमाही निकालाच्या शेवटच्या पानांवर विभागवार विक्री, नफा, मालमत्ता आणि देणी असतात. मालमत्तेतून देणी वजा केली की त्या विभागात अडकलेलं भांडवल कळतं. पाच वर्षांचे मार्चचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा.

आकडे घालून दाखवतो. समजा सुट्या भागांत 240 कोटी भांडवलावर 48 कोटी नफा आहे, म्हणजे 20 टक्के. पवनचक्क्यांत 75 कोटींवर 6 कोटी, म्हणजे 8 टक्के. जागेच्या धंद्यात 150 कोटींवर 3 कोटी, म्हणजे 2 टक्के. तिन्ही एकत्र केले तर 465 कोटींवर 57 कोटी, साधारण 12 टक्के, आणि कंपनीच्या सादरीकरणात हा 12 चा आकडाच दिसेल. आता पाच वर्षं मागे जा. तेव्हा सुट्या भागांत 240 कोटीच होते आणि जागेत फक्त 40, असं निघालं तर? मधल्या काळात जागेत 110 कोटी जास्तीचे गेले आणि 20 टक्के कमावणाऱ्या कारखान्यात वाढीव भांडवल शून्य. एकत्र कुटुंबात कमावता एक आणि खाणारे चार, तसला हा संसार. त्याला बाजार निम्मा भाव देत असेल तर तो बाजाराचा आंधळेपणा म्हणता येणार नाही. तुमच्या कंपनीचे खरे आकडे याच साच्यात भरा. माझं मत त्या कागदावर बदलू शकतं.

त्याच तक्त्यात 'अनअलोकेटेड' नावाची ओळ असते, ती बहुतेक जण सोडून देतात. कुठल्याच विभागावर न टाकलेले खर्च आणि मालमत्ता तिथे येतात. ही ओळ दरवर्षी फुगत असेल तर वार्षिक अहवालातली रिलेटेड पार्टीची टीप वाचा: प्रवर्तकांच्या खासगी कंपन्यांना दिलेली कर्जं, ठेवी, भाडं, ब्रँडची रॉयल्टी. वर्षाच्या शेवटी येणं किती राहिलं, तो रकाना बघा. तेच कर्ज दरवर्षी पुढे ढकललं जात असेल तर ते परत येईल असं धरून हिशोब करू नका.

पवनचक्क्यांची किंमत तुम्ही मेगावॅटमागे अमुक कोटी अशी धरली आहे. ती मला पटत नाही. पुण्यातल्या इतक्या इंजिनिअरिंग कंपन्यांकडे पवनचक्क्या का, तर 2012 पूर्वी त्यांवर 80 टक्के वेगवर्धित घसारा (यंत्राच्या किमतीचा मोठा भाग सुरुवातीलाच खर्च म्हणून दाखवायची सवलत) मिळायचा आणि भरपूर नफा असलेल्या वर्षी करात मोठी बचत व्हायची. वीजविक्री हा बऱ्याचदा दुय्यम हेतू होता. त्या काळच्या चक्क्या आता जुन्या झाल्या, आणि महावितरणशी झालेला मूळ वीजखरेदी करार संपला की पुढचा दर आधीइतकाच मिळेल असं धरून चालत नाही. तेव्हा करार कधी संपतो आणि आज युनिटला काय दर मिळतो, एवढं शोधा. कंपनीने बँकेचं कर्ज घेतलं असेल तर क्रिसिल, इक्रा किंवा केअर या पत ठरवणाऱ्या संस्थांच्या रेटिंग अहवालात हे बहुतेक वेळा सापडतं. हे अहवाल फुकट वाचता येतात आणि कंपनीच्या सादरीकरणापेक्षा स्पष्ट बोलतात.

भोसरीची जागा हा तुमच्या हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा आहे आणि सगळ्यात कच्चाही. शेजारच्या फ्लॅटच्या दरावरून तुम्ही जमिनीचा भाव काढलात. आधी ती जागा एमआयडीसीची आहे की कंपनीच्या मालकीची, हे बघा. एमआयडीसीचा भूखंड सहसा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, जमीन महामंडळाचीच राहते आणि हस्तांतर करायचं तर त्यांची परवानगी आणि शुल्क लागतं. तिथे निवासी दराने गुणाकार करणं चूक. ताळेबंदात 'फ्रीहोल्ड' (मालकीची) आहे की 'लीजहोल्ड' (भाडेपट्ट्याची), एवढ्या एका शब्दावर तुमची निम्मी बेरीज उभी आहे किंवा पडणार आहे. जमीन मालकीची असली तरी औद्योगिकची निवासी करायला महापालिकेची मंजुरी लागते, सुविधांसाठी काही जागा सोडावी लागते, आणि यात वर्षं जातात. प्रकल्प जाहीर झालाय म्हणता, तर गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर तो शोधा आणि प्रवर्तक (तिथे याचा अर्थ प्रकल्प उभारणारा) म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. तिथे लिस्टेड कंपनीऐवजी प्रवर्तक कुटुंबाच्या एखाद्या एलएलपीचं (खासगी भागीदारी संस्थेचं) नाव दिसलं, तर प्रकल्पातला किती हिस्सा भागधारकांचा, हे कळेपर्यंत त्याची किंमत मी शून्य धरेन.

फायनान्स कंपनीला पुस्तकी किमतीच्या (मालमत्ता वजा देणी) वर काही देऊ नका. पुढे.

बेरीज भागधारकांच्या हाती खरोखर आल्याचं उदाहरण आपल्या आकुर्डीतच आहे. बजाज ऑटोचं 2007-08 मध्ये विभाजन झालं. वाहनांचा धंदा नव्या बजाज ऑटोत गेला, विमा, ग्राहककर्जं आणि पवनचक्क्या बजाज फिनसर्वमध्ये, आणि उरलेली मूळ कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली. प्रत्येक धंद्याला स्वतंत्र शेअर मिळाला, म्हणून स्वतंत्र भाव मिळाला. पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही बघा: बजाज होल्डिंग्जचा भाव तिच्याकडच्या शेअरांच्या किमतीपेक्षा बराच खाली राहत आलाय. इतका नावाजलेला समूह, इतके उघड आकडे, तरी ही तफावत मिटत नाही. मग विभाजनाचा शब्दही न काढलेल्या तुमच्या कंपनीत ती दोन वर्षांत मिटेल, असं कशावरून म्हणता?

खरेदीचं थोडक्यात. ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या, मार्केट कॅपप्रमाणे लावलेल्या यादीत 251 व्या क्रमांकापासून खाली सगळ्या स्मॉल-कॅप, त्यामुळे या शब्दाखाली फार वेगवेगळ्या आकाराच्या कंपन्या येतात. तुमच्या कंपनीत दिवसाची डिलिव्हरी (प्रत्यक्ष खात्यात जाणाऱ्या शेअरांची उलाढाल) किती होते ते महिनाभर नोंदवा. तिघांची मिळून रक्कम त्यापेक्षा मोठी असेल तर घेताना भाव तुम्हीच चढवाल, आणि वाईट बातमीच्या दिवशी लोअर सर्किटला, म्हणजे भाव दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला टेकला की, गिऱ्हाईकच नसेल. मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे यात घालणार असं एकाने लिहिलंय. ते कृपा करून घालू नका. चुकीच्या वेळी गरज लागली तर या शेअरमधून बाहेर पडता येत नाही.

कंपनीशी नातं तोडा असं मात्र मी म्हणत नाही. तिघांनी एकेक शेअर घ्या. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते, बऱ्याच कंपन्या ती ऑनलाइन घेतात आणि नोटिशीतल्या मुदतीत वक्ता म्हणून नाव नोंदवलं की एक शेअरवाल्यालाही बोलता येतं. भाषण करू नका, दोनच प्रश्न विचारा: जागेच्या धंद्यात यापुढे जास्तीत जास्त किती पैसा घालणार, आणि सुट्या भागांतून येणाऱ्या रोख नफ्यातला किती हिस्सा लाभांश किंवा बायबॅकने परत देणार? उत्तरात आकडा आला तर तो लिहून ठेवा आणि पुढच्या चार तिमाहींच्या सेगमेंट तक्त्याशी पडताळा. जुळला, तर आजच्यापेक्षा 20 टक्के महाग भावानेही मी घ्यायला तयार होईन.