भाडं कापायचं की कर्जाचा हप्ता?

प्रश्न : घरभाडं कायद्याने गोठवलं तर घरं परवडतील, की भाड्याने मिळेनाशीच होतील?

उत्तर : दोन्ही होतं, फक्त वेगवेगळ्या माणसांच्या बाबतीत. आधीपासून राहणाऱ्याला दिलासा मिळतो, आज घर शोधणाऱ्याची वणवण वाढते. जर्मनीत स्वतंत्र राज्याचा दर्जा असलेल्या बर्लिन शहराने फेब्रुवारी २०२० मध्ये भाडी गोठवली आणि भाड्याच्या जाहिराती आटल्या. एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने, हा अधिकार राज्याचा नाहीच म्हणून, कायदा रद्द केला. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराने २०२१ मध्ये भाडेवाढीवरची वर्षाला ३ टक्क्यांची मर्यादा नव्या इमारतींनाही लावली. बांधकाम परवाने घसरले, आणि २०२२ मध्ये नव्या घरांना २० वर्षांची सूट द्यावी लागली. तेव्हा मर्यादा घालायचीच तर राहत्या भाडेकरूच्या वार्षिक वाढीवर घालावी, नवं बांधकाम वगळावं आणि मोठ्या दुरुस्तीचा खर्च हप्त्याहप्त्याने भाड्यात धरू द्यावा. नाहीतर गळकं छत गळतच राहतं.

खरी मेख मात्र घर बांधायला काढलेल्या कर्जात आहे; त्याचा हप्ता भाड्यातूनच फिटतो. घर उभारायचा खर्च १०० धरा. ८ टक्के व्याजाने २० वर्षांत फेडायचा तर वर्षाला सुमारे १०.२ लागतात. ४ टक्क्यांनी ४० वर्षांत फेडला, तर ५.०५. म्हणजे मालकावर कसलीही सक्ती न करता भाड्यातला सगळ्यात मोठा घटक निम्मा झाला! देखभाल, विमा आणि घर रिकामं राहण्याचे महिने यांची भर वेगळी. व्याजातला फरक अर्थातच सरकारने सोसायचा. ऑस्ट्रियातल्या मर्यादित-नफा गृहसंस्था खर्चाइतकंच भाडं घेतात आणि शिल्लक पुन्हा घरबांधणीत घालतात. व्हिएन्नाचे निम्म्याच्या आसपास रहिवासी अशा किंवा पालिकेच्या घरांत राहतात.

फसतं ते मुदतीवर. जर्मनीत सरकारी सवलतीने बांधलेल्या घरांवरचं भाडेबंधन ठरावीक वर्षांचंच असतं. ते संपलं की घर बाजारभावाने जातं, आणि सरकारचा पैसा त्याच्याबरोबर. म्हणून सरकारी जमीन विकू नये, दीर्घ भाडेपट्ट्याने द्यावी आणि भाड्याची अट पट्ट्यातच लिहावी.

प्रश्न : त्यापेक्षा भाडेकरूच्या हातातच अनुदान दिलं तर?

उत्तर : रिकामी घरं मुबलक असतील तर द्यावं, तिथे हाच सगळ्यात झटपट उपाय. टंचाई असेल तर एकाच घरामागे दहाजण जास्त पैसे घेऊन उभे राहतात, नि अनुदानाचा बराच वाटा मालकाच्या खिशात जातो.