कागदावर हेल्पर, हातात लेथ

प्रश्न: मुलगा 24 वर्षांचा. दहावीनंतर आयटीआयमधून टर्नर ट्रेड केला, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग कातायचं काम, तीन वर्षांपासून नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे. मागच्या महिन्यात त्याच्या शिफ्टमधले दोघं पगारासाठी पाण्याच्या टाकीवर चढले. आश्वासन मिळालं म्हणून उतरले, दुसऱ्या दिवशी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. आता हा म्हणतो, "माय, पुढच्या टायमाले मी चढतो, अन् चढलो तर उतरत नाही." बाकीचे पोट्टे साहेबाला कोंडायची भाषा करतात. त्याला दुसरी लाइन सुचवा. – एक आई, वाडी

ताई,

लाइनचं नंतर बोलू. आधी त्याचं ते वाक्य. रागात बोलला असेल म्हणून सोडून देऊ नका. आज जेवणं झाली की त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का रे?" विचारल्याने तसं काही डोक्यात भरत नाही, उलट पोरगं मोकळं होतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. 14416 या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर फोन लावा, पैसे लागत नाहीत.

त्याचा राग मात्र खोटा नाही. तुम्ही पाठवलेला पगाराच्या चिठ्ठीचा फोटो मी मोठा करून पाहिला. पदनाम: हेल्पर. रोज 480 रुपये. ओटी, म्हणजे जादा काम, 40 तास, 2,400 रुपये. म्हणजे तासाला साठ, साध्या तासाचाच दर. कायद्याने ओटी दुप्पट दराने द्यावा लागतो. एका महिन्यात 2,400 रुपये बुडाले, आणि अशी तीन वर्षं गेली.

त्याहून मला तो "हेल्पर" शब्द खुपला. किमान वेतन कुशल, अर्धकुशल, अकुशल असं वेगवेगळं ठरतं आणि त्यातला महागाईचा भाग दर जानेवारी-जुलैत बदलतो. लेथवर सुटे भाग घडवणारा टर्नर कुशल कामगार असतो. मस्टरवर हेल्पर लिहिलं की पगारही कमी आणि अनुभवही शून्य. उद्या दुसऱ्या कंपनीत गेला तर तीन वर्षं लेथ चालवली हे तो कशावरून दाखवणार? सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते, त्यांचं कार्ड अजून ट्रंकेत आहे, असं तुम्ही लिहिलंय. मिल 2002 मध्ये बंद पडली, पण कार्ड राहिलं. नातवाकडे साधं नियुक्तिपत्र नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. त्याने ते लेखी मागावं.

आता साहेबाला कोंडायचं. हरियाणात मानेसरच्या मारुती कारखान्यात 18 जुलै 2012 ला हिंसाचार झाला, एक अधिकारी जिवानिशी गेला. 148 कामगारांवर खटला चालला. मार्च 2017 मध्ये 31 जण दोषी ठरले, त्यांतल्या 13 जणांना जन्मठेप झाली. मला राहून राहून उरलेल्या 117 जणांचं वाटतं. ते निर्दोष सुटले, पण तोवर साडेचार वर्षांहून जास्त काळ गेला होता. ऐन उमेदीतली वर्षं. तुमच्या मुलाला रेल्वेत जायचं असेल तर टर्नर आयटीआयवर असिस्टंट लोको पायलटची, म्हणजे इंजिनाच्या सहायक चालकाची, परीक्षा देता येते, पण तिथे पोलीस पडताळणी असते. टाकीवरचा एक गुन्हासुद्धा तिथे आडवा येतो.

म्हणून गप्प बसायचं का? अजिबात नाही. शंभर पानी वही घ्या. रोजची हजेरी, ओटीचे तास, कोणत्या मशीनवर होता, सगळं त्याच रात्री लिहायचं. पीएफचं पासबुक मोबाइलवर काढून पाहा. मग पाच-सात जणांनी मिळून सिव्हिल लाइन्समधल्या कामगार आयुक्तालयात अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. "कंपनीने बिल काढलं नाही," असं ठेकेदार म्हणेल. म्हणू द्या. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ कंपनीला द्यावा लागतो. एखाद्या नोंदणीकृत युनियनशी बोला. संप करायचाच झाला तर त्याचीही 14 दिवसांची नोटीस असते, तोही हक्काचा रस्ता आहे. याला महिने लागतील, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

दुसरी लाइन मी सुचवणार नाही. हात चांगला बसलेला टर्नर हिशेबाच्या टेबलावर कशाला बसवायचा? सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं प्रोग्रॅमिंग शिकू द्या, लेथ येणाऱ्याला ते लवकर जमतं. दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळतो, मात्र दिवसाची नोकरी सोडावी लागेल. ते घरात बसून ठरवा.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन या. आयटीआयचं सर्टिफिकेट, सगळ्या चिठ्ठ्या आणा. आणि आयटीआयत असताना त्याने पितळेचा भोवरा काढला होता ना लेथवर, तोही आणायला सांगा. मला पाहायचाय.