योग्याकार्तात समोरच्या माणसाला ‘तुम्ही’ कसे म्हणावे?

आपण विचारले आहे की, कामासाठी सहा महिने इंडोनेशियातील जावा बेटावरच्या योग्याकार्तात राहताना पुस्तकात शिकलेले इंडोनेशियन भाषेतले ‘आन्दा’ (तुम्ही) हे सर्वनाम सगळ्यांना उद्देशून वापरले तर चालेल का. मी त्या शहरात दोन वर्षे राहिलो आहे. माझे उत्तर असे की, चालेल, सहसा कोणाला राग येणार नाही, पण आपले बोलणे बँकेच्या अर्जासारखे वाटेल. वय किंवा दर्जा न दाखवणारे सर्वनाम नव्या राष्ट्राच्या भाषेत असावे, या हेतूने १९५७ साली ‘आन्दा’ मुद्दाम प्रचारात आणले गेले. ते जाहिरातींत आणि सूचनाफलकांवर रुळले, घरगुती बोलण्यात मात्र फारसे शिरले नाही.

तिथे सर्वनामाचे काम नात्याचा शब्द करतो. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’ आणि स्त्रीला ‘बु’ म्हणतात. आपल्याच वयाच्या किंवा थोड्या मोठ्या माणसाला ‘मास’ आणि ‘म्बाक’, म्हणजे दादा आणि ताई. ‘पाक’ आणि ‘म्बाक’ या शब्दांतला शेवटचा ‘क’ घशातच गिळायचा असतो. चहाच्या गाडीवरचा मुलगा आपल्याहून लहान असला तरी त्याला ‘मास’ म्हणावे, कारण अनोळखी माणसाला अर्धी पायरी वर चढवणे हीच तिथली रीत आहे. ‘मास’ आणि ‘म्बाक’ हे शब्द जावानी भाषेतले आहेत. त्याच बेटावरच्या, पण सुंदानी भाषेच्या बांडुंगला गेलात तर ‘आआ’ आणि ‘तेतेह’ ऐकू येईल, बालीत ‘ब्ली’. आडनाव शोधत बसू नका. इंडोनेशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि सुहार्तो यांच्याप्रमाणे पुष्कळ जावानी लोकांना एकच नाव असते, म्हणून ‘पाक’ आणि त्यापुढे नाव एवढे पुरते.

घरातल्या नात्यांत मात्र मराठी माणसाची थोडी पंचाईत होते. आपण काका आणि मामा वेगळे मानतो. जावानी माणूस बाजू पाहत नाही, थोरला की धाकटा एवढेच पाहतो. आईवडिलांपैकी कोणाचाही मोठा भाऊ ‘पाकडे’ आणि धाकटा ‘पाकलिक’, कारण जावानीत ‘गडे’ म्हणजे मोठा आणि ‘चिलिक’ म्हणजे लहान. मोठ्या बहिणीला ‘बुडे’ म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना हसू आवरण्याची सवय मला महिनाभर करावी लागली.

खरी कसोटी इंडोनेशियनहून वेगळ्या असलेल्या जावानी भाषेतल्या आदराच्या पातळ्यांची आहे. जेवण्यासाठी बरोबरीच्या ‘ङोको’ पातळीत एक क्रियापद (‘माङान’), नम्र ‘क्रॉमॉ’त दुसरे (‘नडॉ’) आणि आदरणीय व्यक्तीच्या जेवण्यासाठी तिसरेच (‘डाहार’). मी जिथे खोली घेतली होती तिथल्या घरमालकीणबाईंनी एका संध्याकाळी दारातून विचारले, ‘साम्पुन डाहार?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’ शिकलेले दाखवण्याच्या उत्साहात मी तेच शब्द परत केले, ‘साम्पुन डाहार, बु.’ त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि आतून सुनेला हाक मारली, कारण मी स्वतःच्याच जेवणाला आदरार्थी क्रियापद लावले होते. मराठीत ‘आम्ही भोजन करते झालो’ असे एखाद्याने गंभीरपणे सांगावे, तसे. नंतर त्यांनीच समजावले की, आपल्याबद्दल बोलताना ‘नडॉ’ म्हणावे, किंवा नुसते ‘साम्पुन, बु’ म्हणजे ‘झाले’ एवढे म्हणून सुटावे. सहा महिन्यांसाठी आपण दुसरा मार्ग धरावा.

‘लग्न झाले का?’ हा प्रश्न रिक्षावालासुद्धा विचारेल. त्यावर सपाट ‘तिदाक’ म्हणजे ‘नाही’ म्हटले की बोलणे तिथेच तुटते. ‘बलुम’, म्हणजे ‘अजून नाही’, म्हणावे, मग आपले वय पन्नास असले तरी. ‘कुठे निघालात?’ हीदेखील चौकशी नसून नमस्कारच आहे. ‘जालान-जालान’, म्हणजे सहज फिरायला, एवढ्या उत्तराने समाधान होते.

एक गोष्ट मात्र आपल्याला फुकट येते. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांतला भेद इंडोनेशियन भाषेत ‘किता’ आणि ‘कामी’ असा आहे, आणि माझ्या वर्गातील युरोपीय विद्यार्थी जिथे दर वाक्याला अडखळत, तिथे मला विचार करावा लागला नाही.

शेवटी, बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या समोरून जावे लागले तर ‘नुवुन सेवु’ म्हणावे. शब्दशः त्याचा अर्थ ‘हजार मागतो’ असा होतो, भाव ‘माफ करा, जाऊ द्या’ असा. त्याच वेळी कमरेत थोडे वाकून उजवा हात पुढे, खाली धरावा. हात विसरलात तर शब्द अर्धेच पोहोचतात.