हातात न घेतलेल्या ग्रंथाची तळटीप

प्रश्न : मी तासगावची. एम.ए. इतिहासाच्या प्रबंधिकेसाठी आमच्या भागातल्या १८७६-७७च्या दुष्काळावर लिहितेय. एका मराठी पुस्तकात १८८५च्या सातारा गॅझेटियरमधला (जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथातला) मजकूर भाषांतर करून दिलाय. तो मी माझ्या शब्दांत मांडला. तळटीप थेट गॅझेटियरची दिली तर चालेल का? उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्य १० टक्क्यांच्या आत आहे.

उत्तर : नाही, तशी देऊ नका. गॅझेटियर वाचलंय त्या लेखकानं, तुम्ही वाचलंय त्याचं पुस्तक. आकडा उतरवताना त्याचा हात चुकला असेल, तर ती चूक तुमच्या नावावर जाईल. 'मुंबई इलाखा गॅझेटियर, खंड १९, सातारा, १८८५' असं लिहा, पुढे 'उद्धृत' म्हणा आणि त्या मराठी पुस्तकाचा लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ द्या.

पण खरं सांगू? मूळ खंडच उघडा. राज्याच्या गॅझेटियर विभागानं जुने खंड ऑनलाइन ठेवलेत. त्यात सांगलीचा वेगळा खंड शोधत बसू नका. तासगाव आज सांगली जिल्ह्यात असलं, तरी तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ला दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं. हे प्रबंधिकेत एका वाक्यात सांगा, नाहीतर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न हाच येईल.

शब्द तुमचे असले तरी माहिती दुसऱ्यानं गोळा केलेली आहे, तेव्हा संदर्भ हवाच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे खरं. मात्र इंग्रजीतून मराठीत आणलेला मजकूर सॉफ्टवेअरला बहुधा सापडतच नाही. मराठीत लिहिणाऱ्यानं त्या आकड्यावर निश्चिंत राहावं, हे मला अजिबात पटत नाही.

सांगलीतल्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी होते, तेव्हा प्रबंध जमा करायच्या आदल्या दिवशी मुलं धावत यायची : 'मॅडम, ते पुस्तक पाच मिनिटं द्या, पृष्ठांक राहिलाय.' आणि पुस्तक नेमकं दुसऱ्याकडे गेलेलं असायचं. टिपण काढतानाच कोपऱ्यात पृष्ठांक आणि आवृत्ती टाका.

आणि 'तत्रैव' (म्हणजे 'लगेच वरच्या तळटीपेतल्याच ग्रंथात') जपून वापरा. १२वी तळटीप गॅझेटियरची, १३वी 'तत्रैव'. मार्गदर्शकांनी मध्ये एक नवा संदर्भ घालायला लावला, की कॉम्प्युटर क्रमांक आपोआप बदलतो, पण 'तत्रैव' आता त्या नव्या पुस्तकाचं होऊन बसतं. शेवटचा मसुदा पक्का होईपर्यंत प्रत्येक तळटीपेत ग्रंथाचं नाव लिहा. 'तत्रैव' प्रिंट काढायच्या आधी घाला.