‘अवघड’चं ‘औघड’ का होतं?

तुमचा प्रश्न असा: लिहिताना ‘अवघड’, ‘नवरा’, पण बोलताना ‘औघड’, ‘नौरा’, व्यंजनाचा स्वर होतो तरी कसा?

माझी साताऱ्याकडची आजी विस्तवाला ‘इस्तू’ म्हणायची. मी तो शब्द शाळेत वापरला तेव्हा सगळा वर्ग हसला होता. आज वाटतं, तुमचं निम्मं उत्तर त्या ‘इस्तू’तच आहे. पुढचा ‘वि’ झाला ‘इ’ आणि मागचा ‘व’ झाला ‘ऊ’.

‘प’ म्हणताना ओठ मिटतात, हवा अडते. ‘उ’ म्हणताना ओठांचा चंबू होतो, पण वाट मोकळी राहते. ‘व’ या दोघांच्या मधला: वाट अरुंद, पण बंद नाही. ‘य’ आणि ‘इ’चं नातंही असंच, फक्त तिथे काम जिभेचं. म्हणून तर य, र, ल, व यांना आपल्याकडे अंतःस्थ, म्हणजे मधले, म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीला, पुढे स्वर असताना, ‘व’ला नेट लागतो. अक्षराच्या, म्हणजे एका ठोक्यात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्याच्या (‘अव-घड’मधला ‘अव’), शेवटी तो नेट सुटतो, वाट आणखी मोकळी होते आणि उरतो जवळजवळ ‘उ’. ‘भाव’ आणि ‘भाऊ’ मोठ्याने म्हणून बघा. बहुतेकांच्या तोंडी ‘भाव’मधला ‘व’ दाताला टेकतही नाही. फरक राहतो तो एवढाच की ‘भाऊ’ दोन ठोक्यांचा आणि ‘भाव’ एका.

हा खेळ आपण रोज खेळतो. देऊळ, पण देवळात. पाऊस, पण पावसात. ‘देऊळ’ आलं देवकुलावरून, ‘पाऊस’ प्रावृष्‌वरून. प्राकृतात दोन स्वरांमधली व्यंजनं झिजली आणि स्वराला स्वर भिडला. पुढे प्रत्यय लागला की तोच ‘ऊ’ पुन्हा ‘व’ होतो.

संस्कृतातही हे आहेच. वक्ता आणि उक्ती, स्वप्न आणि सुप्त या जोड्या एकाच धातूच्या. ‘व’च्या जागी ‘उ’ येण्याला पाणिनीने संप्रसारण हे नाव दिलं. उलट दिशेचा ‘यण्’ संधी तर शाळेत सगळ्यांनीच घोकलाय: सु + आगत = स्वागत.

‘ल’, ‘ळ’ही याच वाटेने जातात. माझा अकोल्याचा रूममेट डोळ्याला ‘डोया’ आणि काळ्याला ‘काया’ म्हणायचा; ‘ळ’साठी जीभ वळवायचीच नाही, ‘य’वर भागवायचं. ब्राझीलचे लोक स्वतःच्या देशाला ‘ब्राझिउ’ म्हणतात. कारण शेवटच्या ‘ल’ला जिभेची मागची बाजू ‘उ’सारखी वर उचललेली असते, पुढचं टोक टेकायचं राहिलं की ऐकू येतो तो ‘उ’च.

त्यामुळे ‘औघड’ म्हणणाऱ्याला आळशी किंवा अशुद्ध म्हणणं मला पटत नाही. ‘नौरा’ तर भलेभले प्रमाण बोलणारेही म्हणतात, त्यांच्या लक्षात येत नाही इतकंच.

आणि विस्तवाचा ‘व’ गिळणारी माझी आजी ‘एक’ला ‘येक’ आणि ‘ओढ्या’ला ‘वढा’ म्हणायची. म्हणजे जिथे नुसता स्वर होता, तिथे तिने व्यंजन आणून ठेवलं होतं.