माणसे दहांपेक्षा कमी, म्हणून हक्कच नाहीत का?

दारव्हा तालुक्यातील एका साप्ताहिकात आपण 7 वर्षे बातमीदारी आणि पानांची जुळणी अशी दोन्ही कामे करीत आहात, महिन्याकाठी 6000 रुपये मानधन रोख मिळते, आणि गेल्या महिन्यात मालकांनी ‘आपल्याकडे सहाच माणसे आहेत, छोट्या पेपरला कामगार कायदा लागत नाही, उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगितले, असे आपण कळविले आहे.

मालकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि एवढ्याच आधारावर तालुक्याच्या गावांतील बातमीदारांना गप्प बसवले जाते, याची मला चीड येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रमजीवी पत्रकारांच्या 1955 च्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली आहे. त्यांनुसार भविष्य निर्वाह निधीसाठी 20 आणि ग्रॅच्युइटीसाठी 10 कर्मचाऱ्यांची अट आहे. पत्रकाराला ग्रॅच्युइटी 5 ऐवजी 3 वर्षांच्या सेवेवर मिळते खरी, पण ही अट पुरी झाली तरच. किमान वेतनाला मात्र संख्येची कोणतीही अट नाही. कामावरून कमी करताना द्यावयाची एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचे वेतन, यांनाही ती नाही. जुन्या कायद्यातील पत्रकाराची 3 महिन्यांची नोटीस गेली, हे नुकसान खरेच आहे.

‘सहा माणसे’ हा आकडाही तपासून पाहावा. त्याच मालकांचा छापखाना लग्नपत्रिका आणि बिलबुकेही छापतो, आणि तेथील कामगार गुरुवारी अंकाच्या घड्या घालतात, असे आपण लिहिले आहे. पाटी वेगळी असली तरी मालकी, पगार देणारा हात आणि माणसांची अदलाबदल पाहून दोन्ही मिळून एकच आस्थापना असल्याचा युक्तिवाद करता येतो. तो टिकल्यास ग्रॅच्युइटीचा मार्ग मोकळा होऊ शकतो.

आपल्याकडे नेमणूकपत्र नाही, म्हणून खचू नये. आपल्या नावाने छापलेल्या बातम्यांचे अंक, ओळखपत्र, आणि ‘पान तीन लवकर पाठवा’ अशा मालकांच्या मोबाइलवरील निरोपांच्या प्रती तारीखवार जपून ठेवा. नोकरीचे नाते सिद्ध झाले, की वेतन पूर्ण दिल्याचे दाखविण्याची जबाबदारी मालकांवर येते.

यवतमाळच्या जिल्हा कामगार कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. वेतनाच्या दाव्याची मुदत 3 वर्षे आहे, त्यामुळे दर महिन्याच्या दिरंगाईने मागचा एकेक महिना हातचा जातो. कामगार म्हणून आपणांस उत्पन्नाची अट न लागता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मागता येईल. तोवर ‘सर्व हिशेब मिळाला’ अशा मजकुराखाली सही करू नये.